नोटिशीच्या कागदावर जाहिरात नको
टपाल खात्याने २००२ साली ‘मेघदूत’ पोस्टकार्ड काढले. पत्त्याच्या बाजूला जाहिरात, म्हणून साधे कार्ड ५० पैशांना असताना हे २५ पैशांत. त्यात गैर काही नव्हते. जाहिरात नको असेल त्याला साधे कार्ड मिळत होते, आणि फायदा थेट पत्र लिहिणाऱ्याला होत होता. घरपट्टीचे बिल किंवा तहसीलची नोटीस मात्र कुणी मागवत नाही; ती येते आणि वाचावीच लागते. उत्पन्नासाठी अशा कागदावर जाहिरात छापण्याचा मोह प्रत्येक कार्यालयाने टाळायला हवा.

बीड जिल्ह्याला याचे कारण वेगळे सांगायला नको. ‘ज्ञानराधा’ मल्टिस्टेट पतसंस्थेत इथल्या ठेवीदारांची आयुष्यभराची पुंजी अडकली. उद्या जादा व्याजाची जाहिरात सरकारी शिक्क्याशेजारी छापून आली, तर गेवराईच्या वाडीवरचा शेतकरी ती सरकारची हमीच समजेल. ‘या मजकुराची जबाबदारी कार्यालयावर नाही’ अशी बारीक ओळ खाली टाकता येईल, पण ती वाचतो कोण? पालिकांना पैसा कमी पडतो, हे खरेच. त्यासाठी चौकातले फलक आहेत. एसटीच्या गाडीवर जाहिरात असते, पण तिला एसटीची शिफारस कुणी मानत नाही. पालिकांनी आधी विनापरवाना फलकांचे शुल्क वसूल करावे. कराच्या बिलावर कराचाच हिशेब असू द्यावा.