नवी आवृत्ती आणि मराठीचे पाठभेद

संगणकावरील लिनक्सची आवृत्ती बदलली आणि मराठी बिघडली, ही तक्रार महाविद्यालयांच्या मराठी विभागांतून आता नेमाने ऐकू येते. तिच्यावर दोन उपाय सुचवले जातात. तंत्रज्ञ म्हणतो, सगळे पुसून नव्याने टाकू. ज्येष्ठ सहकारी म्हणतात, जुने होते तेच बरे होते, परत तिकडे चला. आमच्या मते दोन्ही उपाय चुकीचे आहेत, कारण दोघांचेही निदान चुकलेले आहे. जे बिघडले असे आपण म्हणतो, त्यातले बरेचसे आधीपासूनच बिघडलेले होते. जुनी प्रणाली ते झाकून ठेवत होती, नवी झाकत नाही, एवढाच काय तो फरक. आणि त्याची दुरुस्ती हे मुळात तंत्रज्ञाचे काम नसून पाठचिकित्सेचे, म्हणजे आपल्या विषयाचे काम आहे.

आवृत्ती बदलूच नये, हा पर्याय तर खरा पर्यायच नाही. उबुंटू या प्रचलित लिनक्सचे उदाहरण घेऊ. वर्षातून दोनदा, एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये, तिची नवी आवृत्ती निघते. दर दोन वर्षांनी येणारी एक आवृत्ती दीर्घकाळ सांभाळली जाते आणि तिचा नियमित सांभाळ पाच वर्षांचा असतो. क्रमांकातच वर्ष आणि महिना असतो : २०.०४ म्हणजे एप्रिल २०२०. त्या आवृत्तीचा हा सांभाळ २०२५ मध्ये संपला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात विंडोज १० चाही सामान्य आधार संपला आणि अकराव्या आवृत्तीला न पेलणाऱ्या जुन्या यंत्रांवर लिनक्स घेण्याचा विचार अनेकांना करावा लागला. तालुक्याच्या गावी, जिथे नवा संगणक मागायचा तर कागदी घोडे वर्षभर नाचवावे लागतात, तिथे हा प्रश्न हौसेचा उरत नाही.

आता प्रत्यक्ष बिघाडाकडे वळू. बिलोली परिसरातील विद्यार्थ्यांनी जमवलेल्या बोलीच्या नोंदी, त्यांचे लघुप्रबंध, जुन्या प्रश्नपत्रिका अशी आमच्या विभागातील सामग्री आवृत्ती बदलल्यानंतर उघडली, तेव्हा पहिली ठेच ‘ॲरिस्टॉटल’ला लागली. ‘अ’ आणि त्यावरचा चंद्र यांच्या मध्ये ठिपक्यांचे एक वर्तुळ उगवले होते. साहित्यशास्त्राच्या प्रत्येक प्रबंधात हे वर्तुळ पानोपानी दिसू लागले. ‘ॲकॅडमी’, ‘ॲड.’ यांची गतही तीच. कारण शोधू गेल्यावर जे सापडले ते कोणत्याही पाठचिकित्सकाला रुचेल असे आहे. युनिकोडमध्ये ‘ॲ’ हे स्वतंत्र अक्षर ०९७२ या क्रमांकावर दाखल झाले ते २००८ मध्ये, ५.१ या आवृत्तीत. तोवर मराठी लेखक ‘अ’ लिहून त्यावर चंद्र देत आला, म्हणजे ०९०५ आणि ०९४५ असे दोन क्रमांक एकापुढे एक. तिसरा एक पंथ इन्स्क्रिप्ट कळफलकाने निर्माण केला. शिफ्ट आणि १ दाबले की त्यात ‘ऍ’ येतो, म्हणजे ‘ए’वर चंद्र दिलेले हिंदी वळणाचे अक्षर, ते सोयीचे म्हणून मराठीतही रूढ झाले. एकाच उच्चाराचे असे तीन पाठ आपल्या फायलींत शेजारीशेजारी नांदत होते. डोळ्यांना पहिले दोन सारखेच दिसत, म्हणून कुणाला शंका आली नाही.

लिनक्सवर अक्षरे जुळवून पडद्यावर मांडण्याचे काम आज बहुतांशी हार्फबझ नावाची आज्ञावली करते. नाव फारसीतून आले आहे : हर्फ म्हणजे अक्षर आणि बाझ म्हणजे खुला. निजामी अमलात ज्यांच्या आजोबांचे शिक्षण उर्दूतून झाले, त्या मराठवाड्याला यातला ‘हर्फ’ परका वाटू नये. असो. युनिकोडचे मानक ‘अ’ आणि सुटा चंद्र ही जोडी ‘ॲ’साठी वापरू नका असे स्पष्ट सांगते, आणि हार्फबझच्या नव्या आवृत्त्या ते सांगणे अमलात आणून मध्ये वर्तुळ टाकतात. हे वर्तुळ बिघाड नव्हे. समासात काढलेली दुरुस्तीची खूण आहे. ‘शोधा व बदला’ या सोयीने जोडीच्या जागी ०९७२ घातले की खूण जाते. ‘ऍ’ मात्र असे स्वतःहून ओरडत नाही, त्याला हुडकावेच लागते. ग्रंथसूचीत ‘ॲरिस्टॉटल’ शोधणाऱ्या विद्यार्थ्याला ‘ऍरिस्टॉटल’ सापडत नाही आणि संदर्भच नाही असे समजून तो पुढे जातो. हा तोटा वर्तुळापेक्षा मोठा आहे, आणि तो जुन्या आवृत्तीतही होतच होता.

२००८ च्या त्याच आवृत्तीत मल्याळममधील चिल्लू, म्हणजे स्वर नसलेली व्यंजने, स्वतंत्र अक्षरे म्हणून दाखल झाली. त्याआधी आणि त्यानंतर केरळात त्यावर मोठा वाद झडला; एकाच अक्षराचे दोन पाठ झाले तर शोध, कोश, मजकुराची जपणूक यांचे काय, हा प्रश्न तिथल्या भाषाप्रेमी तंत्रज्ञांनी हिरिरीने मांडला. आपल्याकडे ‘ॲ’ आला तो मात्र कसलाही गाजावाजा न होता. परिसंवादांतून मराठीच्या भवितव्याची काळजी वाहणाऱ्या आपण सर्वांनी ही तुलना मनाला लावून घ्यावी अशी आहे.

‘र’ची कथा याहून नाजूक. ‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’ यांत एक गुरू आहे आणि एक स्वयंपाकी. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांत समुद्र आणि डोंगरामधली खोलगट. मराठीचा हा भेद रफार आणि ‘ऱ्या’मधला आडवा र यांवर उभा आहे. हा आडवा र संगणकात दोन मार्गांनी येतो : एक, ०९३१ क्रमांकाचा खालच्या टिंबाचा ‘ऱ’ आणि हलन्त, दुसरा, साधा ‘र’, हलन्त आणि त्यापुढे रुंदी नसलेले एक अदृश्य जोडचिन्ह. दुसऱ्या मार्गाने लिहिलेला मजकूर एका आज्ञावलीतून दुसरीत नेताना, विशेषतः मध्ये कुणी ‘अनावश्यक चिन्हे’ साफ केली असतील तर, जोडचिन्ह गळते आणि आचाऱ्याचा आचार्य होतो. शुद्धलेखन तपासणारी सोय याला हटकत नाही, कारण दोन्ही शब्द शुद्धच. अर्थ जाणणारा वाचकच हे पकडू शकतो. इन्स्क्रिप्टवर शिफ्ट धरून ‘र’ची कळ दाबली की ‘ऱ’ येतो आणि त्यापुढे हलन्त द्यायचा. नव्या विद्यार्थ्यांना हाच मार्ग शिकवावा असे आमचे मत आहे.

‘ल’ आणि ‘श’ यांच्या रूपांविषयीची तक्रार सर्वांत भावनिक. पाकळीचा ल आणि देठाचा श हे आपले वळण, आणि नवी आवृत्ती आल्यावर पडद्यावर हिंदी वळण दिसते. लगेच आक्रमणाची भाषा सुरू होते. वस्तुस्थिती बरीच साधी आहे. लिनक्सवर पूर्वी ‘लोहित मराठी’ हा टंक वेगळा होता. पुढे हिंदी, मराठी, कोकणी, नेपाळी यांचे वेगवेगळे लोहित एकत्र करून ‘लोहित देवनागरी’ हा एकच टंक झाला आणि मराठी रूपे त्याच्या पोटात ठेवली गेली. मजकुराची भाषा मराठी आहे असे फायलीत नोंदलेले असेल तरच ती बाहेर येतात. आपल्या बहुतेक फायलींवर भाषा इंग्रजी किंवा हिंदी नोंदलेली असते, कारण ती नोंद असते हेच ठाऊक नसते. लिबरऑफिसच्या पर्यायांत भाषेच्या सदराखाली भारतीय लिप्यांसाठी वेगळा रकाना आहे. तिथे मराठी निवडावी. जुन्या फायलीत सगळा मजकूर निवडून त्याचीही भाषा बदलावी लागते. आपली भाषा कोणती, हे यंत्राने विचारले आणि आपण उत्तर दिले नाही, तर त्याने काय करावे?

टंक बदलला की ओळी सरकतात आणि पानेही सरकतात. प्रबंधाची अनुक्रमणिका, पृष्ठक्रमांकांनिशी दिलेले संदर्भ सगळे लटके पडते. यावर उपाय आवृत्ती बदलण्याआधीचा आहे : प्रत्येक महत्त्वाच्या फायलीची पीडीएफ काढून ठेवणे आणि मूळ फायलीतच टंक अंतर्भूत करणे. लिबरऑफिसमध्ये ही सोय २०१३ पासून आहे. वर्णानुक्रमाकडेही पुन्हा पाहावे. लिनक्सच्या पायाशी असलेल्या ग्लिबसी या आज्ञासंग्रहातील वर्णक्रमाची सामग्री २०१८ मध्ये मोठ्या प्रमाणावर बदलली. मराठी कोशात ‘ळ’ हा ‘ह’नंतर येतो, क्रमांकांच्या हिशेबाने पाहिले तर तो ‘ल’च्या पाठोपाठ बसतो. शब्दसूची कोणत्या क्रमाने लागली आहे हे न पाहता ती छापायला देणे धोक्याचे.

कळफलक नाहीसा होणे ही तक्रार मात्र खरोखर किरकोळ आहे; सेटिंग्जमध्ये जाऊन मराठी पुन्हा जोडली की काम भागते. तिच्यापायी संगणक पुसणारे आम्ही पाहिले आहेत.

या सर्वांहून वेगळा आणि खरा गंभीर प्रकार जुन्या टंकांचा. श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी यांसारख्या युनिकोडपूर्व टंकांत फायलीत मराठी अक्षर नसतेच. असते रोमन अक्षर, आणि टंक त्याला मराठीचा मुखवटा चढवतो. नव्या संगणकावर तो टंक नसला की मुखवटा उतरतो आणि पानभर निरर्थक रोमन अक्षरे उरतात. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत बांधले, तेव्हा त्यांना ते लपवायचे होते. पुढे राजवाड्यांसारख्या संशोधकाला ती किल्ली शोधावी लागली. आपण विसाव्या शतकाच्या अखेरीस अनेक सकळ लिप्या तयार केल्या, आणि लपवण्याजोगे तर काहीच नव्हते. प्रत्येक टंकाची किल्ली वेगळी आहे. रूपांतर करून देणाऱ्या आज्ञावल्या आहेत. पण ऱ्हस्व इकार, रफार आणि जोडाक्षरे यांत त्या हमखास घसरतात आणि ‘वाङ्मय’ या शब्दाची तर विटंबनाच होते. ‘ङ’ ऐवजी ‘ड’ घालून तो छापणारे आपल्यातही आहेत, तेव्हा आज्ञावलीला किती दोष द्यावा हा प्रश्नच आहे. रूपांतरित पान मुद्रितप्रतीशी ताडून कुणीतरी वाचायलाच हवे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली हे आपण दरवर्षी वर्गात शिकवतो. मग विद्यार्थ्याच्या हाती एक रूपांतरित फाईल आणि तिची छापील प्रत देऊन पाठभेद टिपायला सांगायला काय हरकत आहे? पाठचिकित्सेचे प्रात्यक्षिक म्हणून यापेक्षा जिवंत सामग्री दुसरी मिळणार नाही.

यावर आक्षेप येईल की हे सारे वापरणाऱ्याच्या माथी मारणे झाले. प्रणाली करणाऱ्यांची काहीच जबाबदारी नाही का? आहे. नवी आवृत्ती सिद्ध होताना मराठीची कसोटी किती कसोशीने लागते याविषयी आम्हालाही शंका आहे. पण मुक्त आज्ञावलीत चूक नोंदवण्याची सोय सर्वांना खुली असते. ‘मराठी नीट दिसत नाही’ एवढ्या नोंदीने काही होत नाही. कोणता शब्द, कोणत्या क्रमांकांनी लिहिलेला, कोणत्या टंकात, अपेक्षित रूप कोणते, हे लिहावे लागते. असे वर्णन मराठीचा अध्यापक जितके अचूक करील तितके दुसरे कोण करील? आम्ही कसोटीचे एकच पान तयार ठेवले आहे. त्यात ‘आचाऱ्यास’, ‘वऱ्हाड’, ‘वाङ्मय’, ‘षष्ठ्यब्दी’, ‘ॲरिस्टॉटल’, ‘ज्ञानेश्वरी’, ‘लक्ष्मीशास्त्री’ असे मोजके शब्द आहेत. नवी आवृत्ती आली की आधी ते पान उघडायचे.

परत जुन्याकडे जावे असे म्हणणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगायला हवी. बिलोली, कुंडलवाडी, देगलूर हा पट्टा तेलंगणाला लागून आहे. इथल्या मराठीत तेलुगू शब्द वावरतात आणि विद्यार्थ्यांच्या नोंदींत ते भरपूर आहेत. तेलुगूत ए आणि ओ यांचे ऱ्हस्व व दीर्घ भेद अर्थभेदक आहेत. झाडाला ‘चॆट्टु’ म्हणतात त्यातला ए ऱ्हस्व, माशाला ‘चेप’ म्हणतात त्यातला दीर्घ. आमच्याकडच्या फायली ज्या जुन्या टंकांत आहेत, त्यांत ऱ्हस्व ए लिहायला जागाच नव्हती, म्हणून टंकलेखकांनी दोन्हींसाठी एकच मात्रा वापरली आणि भेद तिथेच पुसला गेला. युनिकोडच्या देवनागरीत या ऱ्हस्व स्वरांसाठी स्वतंत्र चिन्हे आहेत. त्या नोंदी आता शब्दागणिक तपासाव्या लागत आहेत, आणि जिथे हस्तलिखित वही उरलेली नाही, तिथे ज्या गावातून तो शब्द आला त्या गावी जाऊन, सांगणारी व्यक्ती अजून असेल तर, तो पुन्हा ऐकावा लागणार आहे.