विश्लेषण : नखे जेलमुळे बिघडतात की फाइलमुळे?

लग्नसराईत जेल पॉलिश लावले, तीन आठवड्यांनी काढले आणि नखे कागदासारखी वाकू लागली, ही तक्रार आता तालुक्याच्या पार्लरमध्येही ऐकू येते. दोष थेट जेलला दिला जातो. ते लावण्याआधी नखावर फिरवलेल्या फाइलचा नंबर मात्र कुणी विचारत नाही. अनेकदा खरे नुकसान तिथेच झालेले असते.

ग्रिटचा आकडा काय सांगतो?

सुताराच्या पॉलिश पेपरवर 80, 120, 220 असे आकडे असतात, तेच गणित इथेही आहे. आकडा जितका लहान, तितके कण मोठे आणि घासणे जोरकस. 80 किंवा 100 ग्रिटची फाइल अ‍ॅक्रिलिकसारखे कडक थर उतरवण्यासाठी असते. नैसर्गिक नखाच्या कडेला आकार द्यायला 180 चालते. नख मुळातच पातळ असेल तर तिथेही 240 बरी. नखाच्या पृष्ठभागावर मात्र 240 किंवा त्याहून बारीक बफरच हवा. गोम अशी, की बाजारात सर्रास मिळणारी फाइल 100/180 अशी दुहेरी असते. तिची एक बाजू नैसर्गिक नखासाठी नाहीच आणि दुसरी त्याच्या पृष्ठभागासाठी नाही. तरी तीच एक फाइल सगळ्या कामांना वापरली जाते. पैसे आणि वेळ वाचतो, हे खरे. पण भुर्दंड ग्राहकाच्या नखाला पडतो.

नख किती घासायचे?

हाताच्या नखाची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. जेल चिकटण्यासाठी त्यावरची चकाकी गेली की पुरे. ओरखडे खोल असले की जेल जास्त टिकते, हा समज अनेक पार्लरमध्ये पक्का आहे आणि तो चुकीचा आहे. नखाला चिकटलेला क्युटिकलचा पापुद्रा काढणे, तेल आणि ओलावा नीट पुसणे, यावर जेलची पकड अवलंबून असते. हे काम नाजूक आणि वेळखाऊ. त्यापेक्षा 100 ग्रिट दोनदा ओढणे सोपे वाटते. पातळ झालेले नख वाकते, वरचा कडक थर तितका वाकत नाही, म्हणून उलट जेल लवकर सुटते. शिवाय दिव्याखाली जेल घट्ट होताना उष्णता निघते. घासून पातळ झालेल्या नखाला तिचा चटका बसतो आणि ‘थोडं लागतंच’ म्हणून तो सोडून दिला जातो. तो सोडून देऊ नये.

नख म्हणजे मृत पेशींचे थर. झिजलेला भाग तेलाने किंवा सीरमने भरून येत नाही, तो वाढून पुढे सरकावा लागतो. हाताचे नख महिन्याला सुमारे 3 मिलिमीटर वाढते. पूर्ण नवे यायला 4 ते 6 महिने लागतात. पाडव्याला पातळ केलेले नख बदलेपर्यंत गणपती येऊ शकतात.

अर्थात, 240 ची फाइलही एकाच जागी दाबून घासली तर नख झिजतेच. पण तिथे चूक लक्षात यायला वेळ मिळतो, 100 ग्रिटमध्ये मिळत नाही. म्हणून खुर्चीत बसल्यावर रंग निवडण्याआधी फाइलवरचा आकडा वाचावा, तो पुसला गेला असेल तर दुसरी फाइल मागावी. कागदी फाइल नीट निर्जंतुक करता येत नाही, त्यामुळे ती नवीच असावी, हेही त्याच वेळी सांगून टाकावे.