सर्दीची गोळी की औषधांची मोळी?

वाराणसीत थंडी आणि धुके उतरले की लंका भागातील, काशी हिंदू विद्यापीठाच्या सिंहद्वाराबाहेरील औषधांच्या दुकानांवर सर्दी-घशाच्या गोळ्यांची मागणी वाढते. मागणाऱ्यांत वसतिगृहातील विद्यार्थी असतात, तसेच ब्रह्माघाट-दुर्गाघाटावरील मराठी घरांतील वृद्धही. हाती पडते ती बहुधा एका औषधाची गोळी नसते. ती तीन-चार औषधांची मोळी असते. ज्याच्या जठरातील आम्ल घशापर्यंत चढते, त्याने ही मोळी सोडवूनच औषध निवडले पाहिजे. बाजार मात्र नेमकी हीच निवड त्याच्याकडून काढून घेतो.

मोळीत काय असते? पॅरासिटामॉल योग्य मात्रेत जठराला फारसे छळत नाही. काही गोळ्यांत मात्र आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक असते. ही औषधे जठराच्या अस्तराचे रक्षण करणारी प्रोस्टाग्लँडिने घटवतात. क्लोरफेनिरामाइन वाहते नाक आवरते, पण तोंडही कोरडे पाडते. आणि अन्ननलिकेत चढलेले आम्ल शमवणारे बायकार्बोनेट लाळेतूनच मिळते. उरते फेनिलेफ्रिन. चोंदलेले नाक मोकळे करण्यासाठी ते पोटात घेण्याचा उपयोग होत नाही, असा कौल अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीने सप्टेंबर २०२३ मध्ये १६ विरुद्ध ० मतांनी दिला.

भारतात ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्र सरकारने १५६ संयोगी औषधांवर बंदी घातली. त्यांत सर्दीची काही औषधेही होती. तरीही फेनिलेफ्रिनयुक्त इतर गोळ्यांची विक्री चालूच आहे. गरीब रुग्णाला एकच गोळी सोयीची पडते, असे त्यांचे समर्थन केले जाते. हा युक्तिवाद टिकत नाही. निरुपयोगी घटकाचे पैसे गरिबाकडून घेणे ही सोय विक्रेत्याची आहे, रुग्णाची नव्हे.

घरगुती उपायांनाही हीच कसोटी लावावी. घाटावरचा लिंबाचा चहा घशाला ऊब देतो. परंतु आम्लासोबत वर आलेले पेप्सिन घशाच्या अस्तरात सुप्तावस्थेत राहू शकते आणि पुन्हा आम्ल मिळताच कार्यक्षम होऊ शकते. मेंथॉलची गोळी थंडाव्याची संवेदना जागवते; नाक मोकळे झाल्यासारखे वाटते, पण श्वासाचा प्रवाह वाढलेला नसतो. शिवाय पुदिन्याचे तेल अन्ननलिकेच्या तळाशी असलेला झडपेसारखा स्नायू सैल करू शकते. मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या आणि नाकात सलाइनचे थेंब यांत हे दोष नाहीत. ताप किंवा वेदना असेल तरच, आणि तेही सुटे पॅरासिटामॉल घ्यावे.

घसा दुखण्याचे कारण सर्दी नसून आम्लच असेल, तर सर्दीची प्रत्येक गोळी चुकीच्या रोगावरचा उपचार ठरते. आवाज तीन आठवडे बसलेला राहिला, घास अडकू लागला किंवा वजन घटू लागले, तर दुकान नव्हे, डॉक्टर गाठावा.

मागणी साधी आहे. पाकिटावर घटकांची नावे हिंदी-मराठीत, वाचता येतील एवढ्या अक्षरांत छापावीत. आम्लपित्त असणाऱ्यांसाठी सूचना द्यावी. आणि जो घटक काम करत नाही तो गोळीतून काढून टाकावा. काय गिळतो आहोत हे कळणे हा रुग्णाचा हक्क आहे.