चाकाच्या खुर्चीचं निमित्त

मागच्या आठवड्यात मावसबहिणीचा फोन आला. मुलाकडे स्पेनला जायचं ठरतंय. व्हिसाचे कागद, थंडीचे कपडे, भाजणी किती न्यावी असं सगळं बोलून झालं. शेवटी मी विचारलं, "व्हीलचेअर सांगितलीस का गं?" पलीकडे एकदम शांतता. मग म्हणाली, "मी काय आजारी आहे का? अजून रोज मंडईत चालत जाते मी!"

अगदी हेच वाक्य 2017 साली मी माझ्या मुलीला ऐकवलं होतं. म्हणून हा लेखनप्रपंच.

तेव्हा आम्ही दोघं दहा दिवसांसाठी माद्रिदला मुलीकडे गेलो होतो. वाटेत दुबईला विमान बदललं आणि माद्रिदच्या चार नंबरच्या टर्मिनलच्या उपइमारतीत उतरलो. ही उपइमारत मुख्य इमारतीपासून दोन किलोमीटरहून लांब आहे. आधी तिथे चालायचं, मग पासपोर्टच्या रांगेत उभं राहायचं, मग सरकते जिने उतरून जमिनीखालून धावणाऱ्या, ड्रायव्हर नसलेल्या गाडीत बसायचं, आणि मग मुख्य इमारतीत सामानापर्यंत पुन्हा चालायचं. मुख्य इमारत स्वतःच किलोमीटरभर लांब! कुठल्या गेटला किती मिनिटं लागतील हे तिथल्या पाट्यांवर लिहिलेलं असतं. पण ती मिनिटं तरण्या पायांची असावीत असा माझा दाट संशय आहे.

तीस वर्षं फळ्यासमोर उभी राहिलेली मी, मला कसली खुर्ची, असा ताठा होता. सामानाच्या पट्ट्याशी पोचेपर्यंत दोन्ही गुडघे टम्म सुजले. ह्यांनी माझ्या पिशव्याही स्वतःच्या खांद्यावर घेतल्या. पुढचे चार दिवस मी मुलीच्या घरी शेकत पडून होते. ते चार दिवस माद्रिद बघायचे होते, बाकीचे बार्सिलोना आणि ग्रनाडासाठी आधीच ठरलेले. हे चित्रकलेचे शिक्षक. प्रादो संग्रहालयातलं वेलास्केसचं 'लास मेनिनास' हे चित्र पुस्तकातल्या छोट्या छापील तुकड्यावरून त्यांनी वर्षानुवर्षं मुलांना समजावलं होतं. मी किती सांगितलं, तुम्ही तरी जाऊन या. "तुला सोडून कुठे जाऊ? पुढच्या वेळी बघू," म्हणाले. 2021 मध्ये हे गेले. पुढची वेळ आलीच नाही.

असो. सांगायचा मुद्दा असा की माझा ताठा मला महाग पडला, आणि माझ्याहून जास्त दुसऱ्याला.

2024 मध्ये मी एकटी गेले तेव्हा मुलीने मला न विचारताच खुर्ची नोंदवली. नंतर तिने मला जे समजावलं ते ऐकून माझी मलाच गंमत वाटली. आपल्याला वाटतं व्हीलचेअर म्हणजे एकच गोष्ट. विमानवाल्यांच्या लेखी तिचे तीन प्रकार असतात. पहिला, जिना चढता येतो, स्वतः जागेवर जाऊन बसता येतं, फक्त लांबचं चालवत नाही. दुसरा, जिनाही चढता येत नाही. तिसरा, जागेपर्यंतही न्यावं लागतं. म्हणजे मंडईत रोज चालत जाणारी माझी बहीण पहिल्या प्रकारात चपखल बसते! मंडई घरापासून दहा मिनिटांवर, वाटेत ओळखीच्या दोन ओट्यांवर टेकायचं, शिवाय घाई नाही. माद्रिदला ओटेही नाहीत आणि ओळखीचंही कोणी नाही.

दुसरी गोष्ट, हे कोणाचे उपकार नाहीत. युरोपीय संघाने 2006 साली नियम केला आणि 2008 पासून तो पूर्णपणे लागू झाला. तिथल्या विमानतळांनी ही मदत विनामूल्य द्यायची. ती कोणाला द्यायची याच्या व्याख्येत अपंगत्वाबरोबर 'वय' हा शब्द स्पष्ट लिहिलेला आहे. खर्च विमान कंपन्यांकडून प्रवाशांच्या संख्येप्रमाणे वसूल होतो, म्हणजे शेवटी सगळ्यांच्याच तिकिटातून. आपण मात्र निदान 48 तास आधी कळवायचं. 12 ऑक्टोबर 2025 पासून तर युरोपात बाहेरच्या प्रवाशांची फोटोसकट संगणकात नोंद करण्याची पद्धत टप्प्याटप्प्याने सुरू झाली. म्हणजे उभं राहण्याची तयारी आणखी हवी.

आता नाण्याची दुसरी बाजू. आपल्या विमानतळांवर खुर्च्यांची रांग बघितली की मनात पाल चुकचुकतेच. इंग्रजी येत नाही म्हणून, रांग चुकते म्हणून, कोणी सोबत असावं म्हणून खुर्ची घेणारे पुष्कळ. इमिग्रेशन होईपर्यंत मान टाकून बसलेले एक काका पुढे दुकानांत असे तुरुतुरु चालताना दिसले, की वारी न करताच विठोबा पावला म्हणायचा! भाषेची भीती खरी असते, तिची मी चेष्टा करणार नाही. पण त्यासाठी सोबत मागावी, खुर्ची नव्हे. कारण खुर्च्या मोजक्या आणि ढकलणारे हात त्याहून मोजके. तिसऱ्या प्रकारातलं माणूस मग विमानाच्या दाराशी ताटकळत बसतं. मला वाटतं कसोटी एकच ठेवावी. खुर्ची नसती तर माझ्यामुळे कोणाचा खोळंबा झाला असता का? उत्तर 'हो' असेल तर बिनदिक्कत मागावी. 'नाही' असेल तर दुसऱ्यासाठी सोडावी.

परत येताना माझी खुर्ची ढकलायला पन्नाशीच्या एक बाई होत्या. त्यांना इंग्रजी नाही, मला स्पॅनिश नाही. वाटेत त्यांनी मला वर बघायची खूण केली. बांबूच्या पट्ट्यांचं लाटांसारखं छत आणि खांबांचा रंग हळूहळू बदलत जाणारा, निळ्यापासून पिवळ्या-तांबड्यापर्यंत. 2017 मध्ये हे सगळं तिथेच होतं. मी मात्र तेव्हा फक्त पायाखालची फरशी बघितली होती. ह्यांनी बघितलं असेल का, असं मनात आलं. दोन्ही खांद्यांवर पिशव्या असताना मान वर करणं कठीणच.

'लास मेनिनास' मी त्या वेळी बघून आले. पुस्तकातल्यापेक्षा कितीतरी मोठं आहे ते. दोघांच्या वाटणीचं बघितलं.

ता. क. बहिणीने अखेर खुर्ची सांगितली आहे. मुलाला बजावलंय की नातेवाइकांत कोणाला कळता कामा नये. आता तुम्ही सगळ्यांनी वाचलंच आहे, तर निदान तिला फोन करून विचारू नका, एवढी विनंती!