अर्ज वाचणार कोण?

मंडळी, आमच्या मालवणात नौदल म्हटलं की लोकांचा ऊर भरून येतो. ४ डिसेंबर २०२३ ला नौदल दिन इथेच झाला, तारकर्लीच्या किनाऱ्यावर, त्यामुळे तर जास्तच. नौदलातल्या पदांना भारतीय परंपरेतली नावं देणार आणि अधिकाऱ्यांच्या खांद्यावरच्या पट्ट्यांवर शिवरायांच्या आरमाराची छाप असणार, असं पंतप्रधानांनी त्याच दिवशी जाहीर केलं. छान झालं. माझा एकच प्रश्न आहे, आणि तो काही लोकांना आवडणार नाही. त्या पट्टीसमोर अर्ज घेऊन उभा राहणाऱ्या साध्या नौसैनिकाचं काय बदललं?

हा विषय काढला की "सैन्यात शिस्त असते, तिथे युनियनबाजी चालत नाही" हे उत्तर ठरलेलं. मान्य! मीही युनियन मागत नाही. पण शिस्तीचा दाखला देणाऱ्यांनी फेब्रुवारी १९४६ मध्ये मुंबईत काय झालं ते एकदा नीट वाचावं. नाविकांचं बंड म्हणून आपण ते शाळेत चार ओळींत शिकलो. ते सुरू कसं झालं, ते मात्र कुणी शिकवलं नाही.

कुलाब्याला 'तलवार' हे नौदलाचं सिग्नल शाळेचं ठाणं होतं. जेवण भिकार, वागणूक त्याहून वाईट. ८ फेब्रुवारीला तिथले कमांडर किंग बराकीत शिरले आणि त्यांनी पोरांना आईबापावरून शिव्या घातल्या. पोरांनी काय केलं? दगड नाही उचलले. चौदा जणांनी लेखी तक्रारी दिल्या, त्याही चौदा वेगवेगळ्या. कारण एकत्र सही केली तर तेच बंड ठरलं असतं. म्हणजे नियम तोंडपाठ होता आणि तो पाळलाही.

आता गंमत बघा. तक्रार किंगविरुद्ध, आणि ती गेली कुणापुढे? किंगपुढेच! त्यांनी आठवडाभर थांबवलं, १६ तारखेला पोरांना समोर उभं केलं आणि सांगितलं की खोटी तक्रार करणं हा गंभीर गुन्हा आहे, चोवीस तास विचार करा. पोरांनी खरंच विचार केला. १८ च्या सकाळी 'तलवार'वर कुणी जेवायला गेलं नाही, कामाला गेलं नाही. पुढच्या दिवसांत सुमारे ७८ जहाजं आणि २० हजार नौसैनिक संपात आले, मुंबईच्या रस्त्यांवर गोळीबार झाला, दोनशेच्या वर माणसं मेली.

या संपामागे स्वातंत्र्याची ओढ होती, आझाद हिंद सेनेच्या खटल्यांचा राग होता, हे खरंच. पण ठिणगी कुठली? दाबून ठेवलेले चौदा अर्ज. शिस्त अर्जांनी मोडली नाही, अर्ज न वाचल्याने मोडली. आणि हे परक्यांचं दुखणं समजू नका. त्या नौदलात रत्नागिरी जिल्ह्यातल्या दर्यावर्दी घराण्यांतली पोरं पूर्वीपासून भरती होत आली होती, आणि १९८१ पर्यंत आपलं मालवणही त्याच जिल्ह्यात होतं.

"ते इंग्रजांचं राज्य होतं हो!" बरं, मग आपल्या राज्याचे कायदे बघू. १९५० च्या आर्मी अ‍ॅक्टचं कलम २६ सांगतं की अन्याय झाला असं वाटलं तर जवानाने आपल्या कंपनीच्या अधिकाऱ्याकडे तक्रार करावी, आणि तक्रार त्याच्याच विरुद्ध असेल तर त्याच्या वरच्याकडे जावं. अधिकाऱ्याने होईल तितकी पूर्ण चौकशी करावी. १९५७ च्या नेव्ही अ‍ॅक्टचं कलम २३ तर तक्रार थेट केंद्र सरकारपर्यंत नेण्याची वाट ठेवतं. २००९ पासून सशस्त्र दल न्यायाधिकरणही आहे, पण तिथे जायचं तर साधारणपणे आधी खात्यात लेखी दाद मागितलेली असावी लागते. कागदावर सगळं चोख.

पण त्याच आर्मी अ‍ॅक्टचं कलम ५६ म्हणतं की तक्रारीत कुणाच्या चारित्र्याबद्दल जाणूनबुजून खोटं लिहिलं तर पाच वर्षांपर्यंत कैद. खोट्याला शिक्षा हवीच. पण समोरचा साहेब हे कलम कुठल्या आवाजात वाचून दाखवतो, यावर विशीतल्या पोराचं धैर्य ठरतं. किंगनेही नियमच वाचून दाखवला होता!

त्यात २०२२ पासून अग्निवीर आले. चार वर्षांनी जास्तीत जास्त पंचवीस टक्के कायम होणार. कायम व्हायचं की नाही हे वरिष्ठ आपल्याबद्दल काय लिहितात यावर अवलंबून असताना कुठला शहाणा पोरगा त्यांच्याविरुद्ध अर्ज लिहील?

मग जानेवारी २०१७ सारखं होतं. सीमा सुरक्षा दलाच्या एका जवानाने पातळ डाळीचा व्हिडिओ काढला, देशभर गाजला, आणि एप्रिलमध्ये तो बडतर्फ झाला. त्याच जानेवारीत लष्करप्रमुख बिपिन रावत यांनी जवानांसाठी तक्रारपेट्या ठेवण्याचं जाहीर केलं. पेटी चांगलीच. पण कायद्याने दिलेली वाट असताना पेटी लागते, याचा अर्थ त्या वाटेवर लोकांचा विश्वास नाही.

माझी मागणी फार मोठी नाही. अर्ज दिला की तारखेची पोच हातात मिळावी, आणि ती मागायला छाती लागू नये. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याच्या टेबलावर तो अर्ज जाऊच नये. उत्तर ठरल्या मुदतीत, लेखी आणि कारणांसह यावं. अग्निवीराची तक्रार चालू असताना त्याचा शेरा त्याच साहेबाने लिहू नये. यात शिस्त कुठे बिघडते ते मला कुणीतरी समजावून सांगा.

आणि आता नातेवाईक मंडळींना, रागावू नका. पोरगा फोनवर काही सांगायला लागला की आपण काय म्हणतो? "गप रव. नोकरी सांभाळ. पेन्शन गावल्यार बोल काय ता." साहेबाच्या आधी त्याचा अर्ज आपणच फाडतो. त्यापेक्षा त्याला सांगा: रागाने लिहू नको, खरं तेवढंच लिही, तारीख घाल, एक प्रत जपून ठेव, आणि दे. चौदा पोरांनी हे इंग्रजांच्या राज्यात केलं होतं. स्वतःच्या देशात एवढं करायला आपल्या पोराला घरातून तरी बळ मिळायला नको का?