मालकाचे मुख की लोकांचे कान?

बारावीचे निकाल लागले म्हणजे दरवर्षी मध्यमवर्गीय घरांत एका नव्या चिंतेला आरंभ होतो. मुलाने किंवा मुलीने पुढे काय शिकावे, हा प्रश्न एके काळी वैद्यक, स्थापत्य आणि वकिली एवढ्यांतच आटोपत असे. आता त्या यादीत ‘जनसंपर्क’ हे नावही येऊ लागले आहे. बोलण्याची हौस आणि इंग्रजीची सफाई असलेल्या मुलांचा ओढा या अभ्यासक्रमांकडे आहे, आणि त्यांत वाईट काही आहे असे आम्ही म्हणणार नाही. परंतु या धंद्यासाठी नेमकी कोणती तयारी करावयाची, याविषयी विद्यार्थी, पालक आणि विद्यापीठे या तिघांच्याही मनांत जो गोंधळ दिसतो, त्याबद्दल स्पष्ट लिहिणे आम्हांस अगत्याचे वाटते.

हा धंदा आपल्याकडे आता उपरा राहिलेला नाही. टाटा उद्योगसमूहाने १९४३ साली मुंबईत जनसंपर्क विभाग उघडला. १९५८ साली या व्यवसायातील मंडळींनी ‘पब्लिक रिलेशन्स सोसायटी ऑफ इंडिया’ ही आपली संघटना स्थापन केली, आणि १९६५ साली दिल्लीत भारतीय जनसंचार संस्था सुरू झाली. आज कारखान्यापासून रुग्णालयापर्यंत आणि बँकेपासून महापालिकेपर्यंत सर्वांनाच जनसंपर्क अधिकारी लागतो. तेव्हा शिक्षणाची गरज आहे, हे निर्विवाद आहे. प्रश्न आहे तो, काय शिकवावे हा.

या व्यवसायाचा एक आद्य पुरुष म्हणून अमेरिकेतील आयव्ही ली याचे नाव घेतले जाते. हा मूळचा वार्ताहर. कोळसा-खाणमालकांचे काम करीत असता १९०६ साली त्याने वृत्तपत्रांकडे एक निवेदन धाडले. आमचे काम उघडपणे चालेल, आम्ही अचूक माहिती त्वरित देऊ, आणि कोणासही ती पडताळून पाहावयाची असल्यास साह्य करू, असा त्याचा आशय होता. पाठ्यपुस्तके हे निवेदन गौरवाने सांगतात, आणि ते योग्यच आहे. परंतु विद्यार्थ्याने त्यापुढचे पानही वाचले पाहिजे. १९१४ साली कोलोरॅडोतील लडलो येथे संपकरी खाणकामगारांच्या तंबूंवर हल्ला होऊन बायकामुलांसह अनेकांचे प्राण गेले. त्यानंतर खाणीचे मालक रॉकफेलर यांच्यासाठी हाच ली पत्रके काढू लागला. त्या पत्रकांत संपाच्या पुढाऱ्यांना मिळणाऱ्या पैशांचे आकडे फुगविलेले निघाले. चौकशी आयोगापुढे त्याची जबानी झाली, तेव्हा कंपनीने पुरविलेली माहिती आपण पडताळून पाहिलीच नव्हती, हे उघड झाले. आठ वर्षांपूर्वी जगाला पडताळणीचे निमंत्रण देणारा माणूस स्वतः मात्र पडताळणी करावयास विसरला! त्याची लेखणी चांगलीच होती, उणीव होती ती मालकाला “याला पुरावा काय?” असे विचारण्याची.

याच्या उलट उदाहरण १९८२ सालचे आहे. शिकागो परिसरात ‘टायलेनॉल’ या औषधाच्या कॅप्सूलमध्ये कोणी तरी सायनाइड मिसळल्यामुळे सात माणसे दगावली. जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीने लोकांना सावध केले आणि सुमारे ३ कोटी १० लाख बाटल्या बाजारातून परत घेतल्या. पुढे तेच औषध छेडछाड झाल्यास चटकन कळेल अशा वेष्टनांत पुन्हा विकावयास आणले. लोकांचा विश्वास परतला तो या कृतीमुळे. पत्रकांनी ती कृती लोकांपर्यंत पोहोचविली, एवढेच. कृतीच नसती, तर जगातील कोणते पत्रक कामास आले असते?

म्हणून आमचे मत असे की, पत्रक लिहिणे आणि समारंभ सजविणे एवढ्यावर जो अभ्यासक्रम थांबतो, तो विद्यार्थ्याचे शुल्क घेऊन त्याला अर्धेच शिक्षण देतो. शिवाय चार ओळी सांगितल्या की गोंडस पत्रक लिहून देणारी यंत्रे आता घरोघर आली आहेत. केवळ तेवढ्याच कसबावर पोट भरू पाहणाऱ्याने याचा विचार करावा. विद्यार्थ्याला ताळेबंद वाचता आला पाहिजे. आकडेशास्त्राची तोंडओळख आणि माहितीच्या अधिकाराचा २००५ सालचा कायदा त्याला ठाऊक हवा. मराठीही इंग्रजीइतकीच सफाईदार हवी. कारण धरणाखाली ज्याची जमीन जाते, त्याची तक्रार इंग्रजीत येत नाही. सुट्टीतील उमेदवारी त्याने केवळ वातानुकूलित कचेरीत न करता तक्रारखिडकीच्या आतल्या बाजूस बसून करावी. लोक कशाने संतापतात, हे तेथे एका महिन्यात कळते.

येथे आम्हां वृत्तपत्रवाल्यांनाही आपला दोष कबूल केला पाहिजे. आलेले पत्रक काना-मात्रा न बदलता छापणारा उपसंपादक आणि न पडताळता ते धाडणारा अधिकारी हे एकाच पापाचे वाटेकरी आहेत.

जनसंपर्क अधिकारी हा मालकाचे मुख असतो, हे खरे; परंतु लोकांचे म्हणणे मालकाच्या दालनात पोहोचविणारे कानही त्यालाच व्हावे लागते. ज्याला “साहेब, हे खरे नाही, हे मी लिहिणार नाही” एवढे एक वाक्य नम्रपणे, पण ठामपणे उच्चारता येईल, त्याने या क्षेत्रात अवश्य यावे. विद्यापीठांनी त्याला ते उच्चारण्याचे बळ द्यावे. पदवीचा कागद त्यानंतर दिला तरी चालेल.