सुरूच्या पिशवीत काळे तूस



पावसाळ्यात बांधावर लावण्यासाठी सुरूची रोपे घरीच करावयाची असतील, तर आधी पिशवीतल्या मातीकडे बघा. आपल्या कल्याण, मुरबाड, शहापूरकडे पुष्कळजण शेतातलीच माती पिशवीत भरतात. चार पाण्यांत ती विटेसारखी बसते. मुळांना वाट मिळत नाही, ती आतल्या आत वळसे घेतात, आणि वर हिरवेगार दिसणारे झाड पुढे वाऱ्यात कलंडते. सगळी मेहनत वाया!

थंड देशांत पाईनसारख्या सूचिपर्णी झाडांची रोपे 'पीट'मध्ये करतात. (सुरूची पाने सुयांसारखी दिसली तरी तो सूचिपर्णी नव्हे, बरे का!) पीट म्हणजे दलदलीत साठलेला, अर्धवट कुजलेला शेवाळाचा थर. हलका, पाणी धरणारा. पण तो वर्षाला जेमतेम एक मिलिमीटर वाढतो. म्हणून तिकडेही आता झाडाची साल, लाकडाचा भुसा, नारळाच्या काथ्याचा भुसा वापरू लागले आहेत.

आपल्याला पीट हवे कशाला? भातगिरणीपाशी तूस असतेच. मात्र ताजे घालू नका. मी एकदा घातले आणि महिन्याभरात रोपे पिवळी पडली. कुजताना ते रोपांच्या वाट्याचे नत्र खाते. तूस भाजून घ्यावे. भोके पाडलेला जुना डबा विस्तवावर पालथा घालून भोवती तुसाचा ढीग करा व अधूनमधून वरखाली करा. सगळे काळे झाले की लगेच पाणी मारा. पांढरी राख होऊ देऊ नका. राखेचा क्षार रोपांना सोसत नाही.

दोन पाट्या चाळलेले, पूर्ण कुजलेले शेणखत, एक पाटी काळे तूस, एक पाटी काथ्याचा भुसा, असे मिश्रण मला बरे वाटते. काथ्या खाऱ्या पाण्यात भिजवलेला असू शकतो, म्हणून भुसा गोड्या पाण्याने तीन-चारदा धुवा. तपकिरी पाणी फिके झाले पाहिजे. भुसा मिळाला नाही तर नदीची वाळू चालेल, पण मग पाणी जास्त वेळा द्यावे लागेल.

आणखी एक. जुन्या सुरूखालची ओंजळभर माती त्यात जरूर मिसळा. तिच्यातले जिवाणू सुरूच्या मुळांवर गाठी करून हवेतले नत्र मिळवून देतात.

चैत्र-वैशाखात असे हलके मिश्रण वरून कोरडे आणि आतून ओले असते. नुसते बघून पाणी घालू नका. पिशवी उचलून पाहा. हलकी लागली तरच घाला.